सेवेचें टिपण : लिहिणाराचें आणि वाचणाराचें

बाजारांत वांगीं घ्यावयास गेलेला मनुष्य वांगें हातांत घेऊन पाहतो, देंठ तपासतो, किडीचें भोंक नाहीं ना हें न्याहाळतो आणि मगच पिशवी पुढें करतो. लुगडें घेणारी बाई पोत बोटांत चोळून पाहिल्याशिवाय किंमत विचारीत नाहीं. सेवा ही वस्तु मात्र मोठी चमत्कारिक आहे. ती विकत घेण्यापूर्वीं तिला हात लावतां येत नाहीं. किंबहुना विकत घेईपर्यंत ती अस्तित्वांतच नसते. आचारी येऊन कामाला लागेल तेव्हां त्याची सेवा जन्मास यावयाची. तोंवर आपल्या हातीं दोनच गोष्टी असतात : एक त्याचा स्वतःचा शब्द, आणि दुसरा त्याच्याविषयीं चारचौघांचा शब्द.

पूर्वीं हे दोन्ही शब्द ओळखीच्या तोंडून येत. लग्नाचा आचारी मावशीच्या सांगण्यावरून ठरे, शिकवणीचे मास्तर शेजारच्या मुलाच्या गुणांवरून ठरत, आणि उपाध्याय तर पिढीजातच असत. आज हा व्यवहार पुष्कळसा मोबाईलच्या पडद्यावर आला आहे. तेथें सेवा देणारा आपल्याविषयीं दहावीस ओळी लिहून ठेवतो. त्यास तरुण मंडळी लिस्टिंग म्हणतात, मी टिपण म्हणतों. त्या टिपणाखालीं पूर्वींच्या ग्राहकांचे अभिप्राय असतात, आणि अभिप्रायांच्या माथ्यावर एकापासून पांचपर्यंत तारे. टिपण म्हणजे त्याचा स्वतःचा शब्द, आणि तारे म्हणजे चारचौघांचा. हा प्रघात कांहीं फार जुना नाहीं. अमेरिकेंत १९९५ सालीं निघालेल्या व पुढें ईबे या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या बाजारानें १९९६ सालीं परस्परांविषयीं अभिप्राय लिहिण्याची सोय केली. सेवांचाच बाजार मांडणारें फायव्हर इस्राएलांत २०१० सालीं निघालें. आरंभीं एका कामाचे पांच डॉलर, म्हणून तें नांव. आपल्या देशांत २०१४ सालीं अर्बनक्लॅप निघालें, आणि २०२० पासून तें अर्बन कंपनी या नांवानें ओळखलें जातें. म्हणजे तीस वर्षांच्या आंत, ज्याचें तोंड पाहिलें नाहीं अशा माणसाच्या शब्दावर घराचा दरवाजा उघडण्याची संवय आपल्याला लागली.

मी या विषयाकडे वळलों तो कुतूहलानें नव्हे. आमचें कुटुंब पुण्यांत एकत्र राहतें, आणि गेल्या दोन वर्षांत या बाजाराच्या दोन्ही बाजू आमच्या एकाच छपराखालीं नांदत आहेत. थोरले बंधू अर्धांगानें अंथरुणास खिळले, त्यामुळें त्यांच्या रात्रपाळीसाठीं आम्ही सेवा विकत घेणारे झालों. आणि धाकटी सून घरबसल्या भाषांतराचीं कामें घेऊं लागली, त्यामुळें आम्ही सेवा विकणारेही झालों. एकाच माजघरांत दुकानदार आणि गिऱ्हाईक समोरासमोर बसले, म्हणजे पुष्कळ गोष्टी स्पष्ट दिसूं लागतात.

आधीं विकणाराची बाजू सांगतों. सून विज्ञानाची पदवीधर. औषधांच्या एका कारखान्यांत सात वर्षें नोकरी करून मुलाच्या जन्मानंतर तिनें ती सोडली. तिनें परदेशी बाजारांत आपलें टिपण मांडलें, आणि तीन महिने लोटले तरी एकही काम आलें नाहीं. एके दिवशीं ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही आयुष्यभर निबंध तपासलेत. हा एवढा तपासा." मीं वाचलें. ती अत्यंत परिश्रमी होती, प्रामाणिक होती, तिच्या कामाचा दर्जा उत्कृष्ट होता, ती सर्व प्रकारचीं भाषांतरें करीत होती आणि ग्राहकाचें समाधान हेंच तिचें ध्येय होतें. निम्मा मजकूर यंत्राकडून लिहवून घेतला आहे, हें तिनेंच सांगितलें. भाषेंत चूक एकही नव्हती. परंतु त्याच बाजारांतलीं आणखी दहा टिपणें आम्ही उघडून पाहिलीं, तों दहाही जण अत्यंत परिश्रमी, प्रामाणिक व उत्कृष्ट निघाले. जें विशेषण सर्वांस लागूं पडतें तें कोणाचेंच विशेषण नव्हे. विशेष दाखवितें म्हणून तर त्यास विशेषण म्हणावयाचें.

अशा वेळीं माझें मन साहजिकच जुन्या पोथ्यांकडे धांवतें. कौटिल्याचें अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं म्हैसूर येथें १९०९ सालीं छापून जगापुढें आणलें. त्या ग्रंथांत राजाच्या आज्ञापत्रांविषयीं एक प्रकरण आहे, व त्यांत चांगल्या लेखाचे सहा गुण सांगितले आहेत. राजशासनासाठीं सांगितलेले ते गुण भाषांतराच्या टिपणालाही तंतोतंत लागूं पडतात, हें पाहून सुनेला हंसूं आलें आणि मला संतोष वाटला. पहिला गुण अर्थक्रमाचा : जें मुख्य तें आधीं. ग्राहकाला आधीं हवें असतें तें आपलें काम, आपला स्वभाव नव्हे. दुसरा संबंधाचा : पुढें लिहिलेल्यानें मागच्याला बाध येऊं नये. वर "सर्व विषयांचें भाषांतर" आणि खालीं "औषधविषयांत प्रावीण्य" हें त्या कसोटीस उतरत नाहीं. तिसरी परिपूर्णता, म्हणजे शब्द न्यूनही नकोत आणि अधिकही नकोत. उरलेल्या तिहींपैकीं माधुर्य म्हणजे अर्थ सहज व सुखानें कळणें, औदार्य म्हणजे ग्राम्य शब्द टाळणें, आणि स्पष्टत्व म्हणजे सर्वांच्या परिचयाचे शब्द वापरणें. तेथेंच लेखाचे दोषही सांगितले आहेत. त्यांपैकीं पुनरुक्त हा दोष तर आजच्या टिपणांचा प्राणच होऊन बसला आहे.

त्याच ग्रंथांत पुढें कारागिरांपासून लोकांचें रक्षण कसें करावें याचा विचार आला आहे. धोब्यानें लांकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावर कपडे धुवावे, अन्यथा कपड्याची नुकसानभरपाई देऊन वर सहा पण दंड भरावा, इतक्या बारकाव्यापर्यंत तो विचार गेला आहे. परंतु मला महत्त्वाचें वाटतें तें निराळेंच. कारागिरानें काम पत्करतांना स्थळ, काळ आणि कार्य हीं तीन ठरवून घ्यावीं, असें तेथें म्हटलें आहे. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, ही तर आपल्या संकल्पाची रीत. पाणी सोडण्यापूर्वीं यजमान देश सांगतो, काळ सांगतो, आपलें गोत्र व नांव सांगतो, काय करणार तें सांगतो, आणि शेवटीं "करिष्ये" म्हणतो. योगायोग असा कीं, फायव्हरवरील प्रत्येक टिपणाच्या मथळ्याचा आरंभही "मी अमुक करीन" अशाच अर्थाच्या शब्दांनीं होतो. सेवेचें टिपण म्हणजे चारचौघांत सोडलेला संकल्पच होय. आणि आपण परिश्रमी असल्याचें संकल्पांत कोणी सांगत नाहीं.

सुनेनें टिपण नव्यानें लिहिलें तें साधारण असें : "इंग्रजी औषधपत्रकें व रुग्णांसाठींच्या सूचना यांचें मराठी भाषांतर करीन. ५०० शब्द, ३ दिवस. औषधनिर्मितींत ७ वर्षें काम केलें आहे. औषधाचें प्रमाण व वेळा यांचे आंकडे शेवटीं पुन्हां मुळाशीं ताडून पाहतें. दोन वेळां दुरुस्ती त्याच किंमतींत. कायद्याचे कागद व कविता घेत नाहीं." नमुना म्हणून तिनें स्वतःच एक काल्पनिक सूचनापत्रक रचून त्याचें भाषांतर सोबत जोडलें. किंमत ठरवितांना तिला एक हिशेब करावा लागला. कारण फायव्हर विक्रेत्याच्या मिळकतींतून शेंकडा २० कापून घेतें, आणि १०० चें काम म्हणजे हातीं ८०. शेवटच्या वाक्यावर घरांत थोडा वाद झाला. चिरंजीवांचें म्हणणें, "घेत नाहीं असें लिहून आलेली लक्ष्मी कशाला परतवायची?" मीं म्हटलें, "जो सर्वच रोगांवर औषध देतो त्याच्याकडे आपण जातों का?" नकार स्पष्ट असला म्हणजे होकाराला वजन येतें. पुढें तिला पहिलें काम मिळालें तें एका रुग्णसूचनेचेंच. आणि त्या ग्राहकानें नेमकें आंकडे ताडण्याच्या वाक्याचें नांव काढलें.

आतां घेणाराची बाजू. थोरल्या बंधूंसाठीं माणूस पाहावयाचें ठरलें तेव्हां पुतण्यानें एका कंपनीचें टिपण निवडलें. प्रशिक्षित, अनुभवी, प्रेमळ सेवक. चोवीस तास मदत. शंभर टक्के समाधान. जो गृहस्थ आला तो स्वभावानें वाईट नव्हता. परंतु त्यानें पहिल्याच रात्रीं बंधूंना उठवून बसवितांना त्यांचा लुळा हात धरून ओढलें. अर्धांगाच्या रोग्याला दुबळ्या हातानें कधींही ओढूं नये, खांद्याला इजा होते, हें शिकविलेल्या माणसास पहिल्या दिवसापासून ठाऊक असतें. वहिनींनीं त्यास दुसऱ्या दिवशीं चहा पाजून परत पाठविलें.

अर्थशास्त्रांत या अडचणीचा विचार झालेला आहे; येथें कौटिल्याच्या नव्हे, आधुनिक अर्थशास्त्रांत. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनीं १९७० सालीं जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचें उदाहरण घेऊन दाखविलें कीं, विकणाराला मालाचे गुणदोष ठाऊक आणि घेणाराला नाहींत, अशी स्थिति असली कीं चांगला माल हळूहळू बाजारांतून उठतो. या व अशा विचारांबद्दल त्यांस २००१ सालीं इतर दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९७३ सालीं डार्बी आणि कार्नी या दोघांनीं आणखी एक बिकट प्रकार दाखविला : कांहीं सेवा अशा असतात कीं, त्यांचा दर्जा घेण्यापूर्वीं कळत नाहीं, आणि घेतल्यानंतरही नीटसा कळत नाहीं. दुरुस्तीवाल्यानें यंत्राचा जो भाग बदलला तो खरोखरच बिघडला होता काय, हें आपल्याला कोठें समजतें? रोग्याची रात्रीची सेवा याच प्रकारांतली. घर झोपलेलें, रोगी बोलूं शकत नाहीं. दर दोन तासांच्या सुमारास कूस बदलली नाहीं तर पाठीला जखमा होतात. पण बदलली कीं नाहीं हें सांगणार कोण?

म्हणून दुसऱ्या खेपेस आम्ही टिपणें निराळ्या दृष्टीनें वाचलीं. काय करीन हें तर सर्वच सांगतात. केलें हें कशावरून समजेल, हें कोण सांगतो तें पाहूं लागलों. एका टिपणांत अशा ओळी होत्या : "रात्रीं ८ ते सकाळीं ८. दर दोन तासांनीं कूस बदलून वेळ वहींत लिहितो. लघवीची पिशवी रिकामी करतांना माप लिहितो. इंजेक्शन देत नाहीं." शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, माझ्या लाल पेन्सिलीला त्या दिसल्या नाहींत असें नाहीं. परंतु जो मनुष्य आपलें न दिसणारें काम वहींत दिसतें करून ठेवतो, तो आपल्यावरील देखरेखीचें साधन आपण होऊनच मालकाच्या हातीं देतो. घरांत ज्यांना सगळे मामा म्हणतात ते गृहस्थ असे आमच्याकडे आले.

अभिप्राय वाचण्याची कसोटीही मला आपल्या शास्त्रांत मिळाली. नैयायिकांनीं शब्द हें प्रमाण मानलें आहे. परंतु कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त कोण, याचें विवरण न्यायसूत्रांवरील वात्स्यायनभाष्यांत आहे : ज्यानें वस्तु प्रत्यक्ष जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. तेथें आप्ताला जात, कूळ वा देश यांची अट नाहीं. ऋषि, आर्य व म्लेच्छ या तिघांनाही तें लक्षण सारखेंच लागूं, असें भाष्यकार म्हणतात. म्हणजे अनोळखी माणूसही आप्त असूं शकतो. प्रश्न दोनच : यानें खरोखर अनुभव घेतला काय? आणि खरें सांगण्यापलीकडे याचा दुसरा हेतु आहे काय? "अप्रतिम सेवा, सर्वांनीं घ्यावी" यांत अनुभवाची खूण कोठेंच नाहीं. "तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट बंद होती, तरी खुर्चींतून आईला खालीं नेलें" यांत आहे. एकाच आठवड्यांत, एकाच वळणाच्या शब्दांत दहा स्तुतिलेख आले तर हेतूविषयीं शंका घ्यावी. मध्यम अभिप्राय, म्हणजे तीन वा चार ताऱ्यांचे, आधीं वाचावे. कारण स्तुति करणारा व चिडलेला या दोघांपेक्षां तेथें तपशील बहुधा अधिक सांपडतो.

सरकारनेंही या बाबतींत कांहीं पावलें टाकलीं आहेत, तीं गृहस्थांस ठाऊक असावींत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं २०२० सालीं ई-कॉमर्सचे नियम झाले; त्यांप्रमाणें विक्रेत्यानें ग्राहकाचें सोंग घेऊन स्वतःविषयीं अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे, आणि बाजार चालविणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानें ४८ तासांच्या आंत तक्रारीची पोंच देऊन महिन्याभरांत तिचा निकाल लावावयाचा आहे. भारतीय मानक ब्यूरोनें नोव्हेंबर २०२२ मध्यें ऑनलाइन अभिप्रायांसाठीं आयएस १९००० हें मानक प्रसिद्ध केलें. २०२३ सालीं फसव्या मांडणीचे १३ प्रकार नांवनिशीवार निषिद्ध ठरले. आरंभीं कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीवर ती वाढविणें हा त्यांतलाच एक. तथापि नियम दारापर्यंत येतो; उंबऱ्याच्या आंतला न्याय घरांतल्यांनींच करावयाचा असतो.

तो प्रसंग आमच्यावर आला तो असा. जुलैंतली रात्र, खडकवासल्यांतून पाणी सोडलेलें, भिडे पूल पाण्याखालीं गेलेला. मामांना यावयास दीड तास उशीर झाला. त्यांनीं फोन करून कळविलें होतें. परंतु तेवढा वेळ वहिनी एकट्या, आणि त्याच वेळीं बंधूंचें अंथरूण बदलण्याची पाळी आली. पुतण्या घरीं आला तेव्हां आईचे डोळे पाहून त्याचा संताप अनावर झाला. मोबाईलवर नेमकी विचारणा आली होती : सेवा कशी वाटली? तो म्हणाला, "एक तारा देतों. पैसे मोजतों आपण, फुकट नाहीं." राग खोटा नव्हता, आईसाठीं मुलानें रागावूं नये तर कोणीं?

धाकटी सून सहसा थोरल्या दिरांपुढें बोलत नाहीं. ती हलकेच म्हणाली, "दादा, माझे मिळून दहा अभिप्राय आहेत. त्यांत एक तारा पडला तर मला पुढचें काम कधीं मिळेल, सांगतां येईल का?" मीं कागद घेतला. दहा जणांनीं पांच-पांच तारे दिले, बेरीज ५०. त्यांत अकराव्यानें एक दिला, बेरीज ५१. भागिले ११, म्हणजे ४.६४. दोनशें अभिप्राय असलेल्याला तोच एक तारा पडला तर ४.९८. एकच राग, परंतु जुन्याला तो धुळीसारखा लागतो आणि नव्याच्या डोक्यांत धोंड्यासारखा पडतो. मामा नवे होते. असल्या व्यवस्थेंत काम करणारे आपल्या अटींविषयीं किती अस्वस्थ असतात, हें ऑक्टोबर २०२१ मध्यें गुरुग्राम येथें दिसलें. सौंदर्यसेवा देणाऱ्या स्त्रियांनीं कमिशन व दंड यांविरुद्ध अर्बन कंपनीच्या कार्यालयासमोर निदर्शनें केलीं होतीं.

पुतण्या निवळला, पण त्यानें मला पेंच घातला. "बरें, एक नको. चार देतों. शंभरांत ऐंशीं झाले कीं! तुमच्या शाळेंत साठाला पहिला वर्ग होता." हा प्रश्न खरा कठीण. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांस मीं पैकीच्या पैकी गुण क्वचितच दिले. परंतु शब्दाचा अर्थ संकेतावरून ठरतो, उच्चारणाराच्या मनावरून ठरत नाहीं. ताराही एक शब्दच आहे. या बाजारांत पांच म्हणजे "ठीक" आणि चार म्हणजे "सांभाळून राहा" असा संकेत पडून गेला आहे. तो मला मान्य नाहीं, पण तो मी एकटा बदलूंही शकत नाहीं. मग सत्य सांगावें कोठें? अक्षरांत. वहिनींना विचारलें; त्या म्हणाल्या, "उशीर झाला तें लिहा. पण पाठीला एक लाल डागसुद्धां नाहीं, तेंही लिहा."

तेव्हां पुतण्यानें पांच तारे दिले आणि खालीं लिहिलें : "तीन आठवड्यांत एकदां दीड तास उशीर, पूल पाण्याखालीं होता, आधीं फोन केला. कूस बदलल्याची नोंद रोज मिळाली. पाठीला जखम नाहीं. नदीपलीकडे राहणाऱ्यांनीं पावसाळ्यांत दुसरी सोय ठेवावी." उशीर लपविला असता तर पुढच्या घरच्या रोग्याशीं द्रोह झाला असता, उशीरच तेवढा सांगितला असता तर मामांशीं.

सुज्ञ वाचकांस एवढेंच सांगावयाचें कीं, टिपण लिहितांना आपण वचन देतों आणि अभिप्राय लिहितांना साक्ष देतों. वचन थोडें असावें, मोजतां येण्यासारखें असावें, आणि जें करणार नाहीं तेंही त्यांत यावें. साक्ष डोळ्यांनीं पाहिल्यापुरती असावी, आणि शक्य तर रात्रीचा राग उतरल्यावर, सकाळीं द्यावी. आमच्या घरीं आतां असा प्रघातच पडला आहे कीं, कोणाही विषयीं ताऱ्यांवर बोट ठेवण्यापूर्वीं तो मजकूर घरांत एकदां मोठ्यानें वाचावयाचा. मोठ्यानें वाचतांना जें वाक्य घशांत अडकतें तें बहुधा खोटें तरी असतें, नाहींतर क्रूर तरी.